टारफुला जमिनीखाली काय करतो

कोल्हापूर जिल्ह्यातून मराठीत आलेल्या दोन गाजलेल्या कादंबऱ्यांची नावं तणावरून पडली आहेत. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची ‘टारफुला’ १९६४ साली आली. राजन गवसांची ‘तणकट’ १९९८ची. तिला २००१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीच्या परीक्षेत ‘शीर्षकाची समर्पकता’ हा हमखास येणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तरही तितकंच हमखास: टारफुला हे गावाला लागलेल्या सत्तेच्या रोगाचं प्रतीक आहे. एवढ्यावर बरे गुण पडतात. टारफुला नावाची वनस्पती जमिनीत नेमकं काय करते, हे त्या उत्तरात सहसा येत नाही. आलंच, तर पेपर तपासणाऱ्याला ते विषयांतर वाटायची शक्यता जास्त.

ते विषयांतर इथे मुद्दाम सविस्तर करतो, कारण या लेखसंग्रहाचा विषयच तो आहे.

टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगतो. त्याचं बी धुळीसारखं बारीक, आणि एकेका रोपाला ते हजारोंनी धरतं. हे बी जमिनीत दहा-दहा वर्षं पडून राहू शकतं. पाऊस झाला, ऊब मिळाली, एवढ्याने ते उगवत नाही. जवळून ज्वारीचं मूळ गेलं आणि त्या मुळातून पाझरणारं एक रसायन त्याला लागलं, तरच ते फुटतं. फुटल्यावर त्याच्याजवळची शिदोरी जेमतेम काही दिवसांची. तेवढ्यात मूळ गाठलं नाही तर कोंब वाळून जातो. गाठलं तर तो मुळाला डसतो, आत शिरतो आणि ज्वारीचं पाणी, ज्वारीचं अन्न स्वतःकडे ओढू लागतो. कित्येक आठवडे हा सगळा कारभार मातीखाली चालतो. वर ज्वारी पिवळी पडते, खुंटते, जमिनीत ओल असूनही दुपारी मान टाकते. शेतकऱ्याला वाटतं, खत कमी पडलं. वीतभर उंचीचं, नाजूक फुलांचं रोप डोळ्यांना दिसतं तेव्हा व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

बियाला जागं करणारं हे रसायन शास्त्रज्ञांना पहिल्यांदा १९६६ साली सापडलं, आणि तेही कापसाच्या मुळांत. गंमत अशी की कापसावर टारफुला जगत नाही. कापसाच्या मुळाला भुलून बी उगवतं आणि उपाशी मरतं. म्हणून टारफुल्याच्या रानात कापूस हे सापळा पीक म्हणून घेता येतं. पण मग ज्वारीने तरी आपल्याच वैऱ्याला उठवणारं रसायन का पाझरावं? याचं उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं. जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की ही हाक मुळात दुसऱ्याच कुणाला असते. मुळांशी राहून मातीतला फॉस्फरस मिळवून देणारी एक उपकारक बुरशी असते, तिला पीक बोलावत असतं. जमिनीचा कस जितका गेलेला, तितकी ही हाक मोठी. टारफुल्याला ती हाक चोरून ऐकायची कला साधली आहे.

आता शंकर पाटलांची कादंबरी पुन्हा हातात घ्या. दरारा असलेला पाटील जातो, गाव बेवारस होतं, कुणीतरी येऊन घडी बसवावी असं सगळ्यांनाच वाटू लागतं. गाव मदतीसाठी हाक देतं, आणि ती भलत्याच्याच कानी पडते. ‘सत्तेचा रोग’ या उत्तरात गाव नुसतं सोसणारं असतं. वनस्पतिशास्त्र शेजारी ठेवून वाचलं की गावाची स्वतःची नड, कस गेलेली जमीन आणि ती हाकही कथेत येते. शंकर पाटलांना १९६४ साली हे रसायन ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी ज्वारीचं रान पाहिलं होतं आणि टारफुला वरून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो हे ज्वारी पेरणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. लेखकाचं निरीक्षण आधीचं, प्रयोगशाळेचं कारण नंतरचं.

साहित्य, जीवशास्त्र आणि भोवतालचा निसर्ग यांना एकत्र वाचणाऱ्या अभ्यासाला अलीकडे ‘पर्यावरणीय मानव्यविद्या’ म्हणतात. नाव जड आहे. त्याला माझा इलाज नाही. पश्चिमेकडे या अभ्यासाची मुळं सांगताना रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’चा उल्लेख होतोच. कार्सन सागरी जीवशास्त्रज्ञ होत्या, पण कीटकनाशकांविरुद्धच्या त्या पुस्तकाची सुरुवात त्यांनी एका कल्पित गावाच्या गोष्टीने केली. ते पुस्तक १९६२चं, आणि आपलं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीच्या १८ नोव्हेंबरचं. योगायोगाला अर्थ चिकटवायचा नसतो, पण सागरमाळावरच्या त्या आवारात मराठी, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र हे विभाग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याची वनस्पतिसूची २००२ साली प्रसिद्ध केली. वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालयही त्याच आवारात आहे. सामग्री सगळी घरातच आहे; ती एका टेबलावर येणं एवढंच काम.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. तणाचं जीवशास्त्र माणसांना लावायला लागलं की पुढचं पाऊल फार सोपं असतं: अमुक माणसं म्हणजे तण, उपटून टाका. विसाव्या शतकात हे पाऊल टाकलं गेलेलं आहे आणि त्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. इथे जीवशास्त्राला साहित्याकडून शिकावं लागतं. ‘तण’ ही जीवशास्त्रातली जातच नाही. वनस्पतिशास्त्रात प्रत्येक रोपाला कुळ आणि जात असते. तण ते कुणाच्या तरी दृष्टीने ठरतं. बांधावरच्या बाईला विचारा. कुर्डू, पाथरी, चिघळ, तांदुळजा ही मालकाच्या हिशेबात भांगलून फेकायची रोपं, आणि भांगलायला आलेल्या बाईच्या ओट्यात ती संध्याकाळची भाजी. उसात तणनाशक मारलं की मालकाची मजुरी वाचते. तिची मजुरीही जाते आणि भाजीही, पण एकरी खर्चाच्या कागदावर यातली पहिलीच गोष्ट दिसते. गावातल्या जातींचा ताण मांडणाऱ्या ‘तणकट’ला हा प्रश्न चुकवता येत नाही: नको असलेलं कोण, आणि ते ठरवणारा कोण?

गाजरगवताचंही तेच. १९५५च्या सुमारास ते पुण्यात नजरेला आलं, बघता बघता देशभर पसरलं आणि लोकांनी त्याला थेट सत्ताधारी पक्षाचं नाव देऊन ‘काँग्रेस गवत’ केलं. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आलं, ही कथा आजही छातीठोकपणे सांगितली जाते. पण ज्या पीएल-४८० करारान्वये तो गहू आला, त्यावर भारताने सही केली ऑगस्ट १९५६मध्ये. कथा तारखेला टिकत नाही. तरीही ती फेकून देण्यासारखी नाही. परक्या धान्यावर जगण्याची त्या काळातली शरम लोकांनी एका गवतावर कशी बसवली, याचा तो दस्तऐवज आहे. या अभ्यासात दोन्ही नोंदी लागतात, आणि त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नसते.

आता जिल्ह्याचा नकाशा बघू. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघालं की शंभरेक किलोमीटरच्या आत शिरोळ येतं, आणि तिथे तो पाचशे-सहाशेवर उतरलेला असतो. एका जिल्ह्यात दोन हवामानं. याचा साहित्याशी काय संबंध, असं कुणी विचारील. ज्वारीची कादंबरी पूर्वेच्या पट्टणकोडोलीतून येते. पावसाची येते पश्चिमेच्या पन्हाळ्याकडून: कृष्णात खोतांची ‘झड-झिंबड’. मधल्या कागलात आनंद यादवांचा मळा आहे, विहिरीचा, बैलांचा. एकाच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ही सगळी ‘ग्रामीण कादंबरी’ या एका मथळ्याखाली बसवली जाते. मला तो मथळा कधीच पटला नाही. पाचशे मिलिमीटरचं गाव आणि पाच हजारांचं गाव यांत पीक वेगळं, घराचा उतार वेगळा, जनावर वेगळं, दुखणं वेगळं. मग गोष्टीचा वेग तरी एक कसा असेल?

अमिताव घोष यांनी २०१६च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये तक्रार केली की आधुनिक कादंबरी रोजच्या, संभाव्य वाटणाऱ्या आयुष्यावर पोसली गेल्यामुळे निसर्गाचे प्रलय तिच्यात मावत नाहीत. इंग्रजी कादंबरीपुरतं ते खरं असेल. पन्हाळ्याच्या डोंगरकुशीत आठवडेच्या आठवडे लागून राहिलेली झड ही प्रलय नसून रोजचं आयुष्यच आहे. ओली चूल, कुबट अंथरूण, गोठ्यातला चिखल, जनावरांचे सडलेले खूर. तिथल्या लेखकाला असंभाव्य काही शोधावं लागत नाही. आणि हेच पाणी खाली गेलं की त्याचा पूर होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१च्या जुलैत पुन्हा तसंच झालं. पाचशे मिलिमीटर पावसाचा शिरोळ तालुका दुसऱ्याच्या पावसात बुडतो. बंधाऱ्यावरचे फूट जलसंपदा खात्याकडे मिळतात. पाणी उंबऱ्याला लागल्यावर आधी गोठ्यातलं दावं सोडायचं की माळ्यावर धान्य चढवायचं, हे गोष्टीतच मिळतं.

आनंद यादवांची ‘गोतावळा’ १९७१ची. नारबा हा मळ्यावरचा गडी. लग्न न झालेला, जनावरांतच राहणारा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक करून जनावरं मळ्यातून जातात. समीक्षेने या कादंबरीला ‘यांत्रिकीकरणाची शोकांतिका’ म्हटलं, ते बरोबरच आहे. पण ती जनावरांच्या बाजूने वाचली तर आणखी काही सापडतं. म्हशीच्या धारेचं बघा. अनोळखी माणूस कासेला बसला की म्हैस पान्हा चोरते, हे दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध विकणारा कोल्हापूरचा प्रत्येक गवळी सांगेल. शरीरशास्त्र सांगतं की कासेतलं दूध खाली उतरायला ऑक्सिटोसिन स्रवावं लागतं. भीतीने, बुजल्याने सुटणारं अॅड्रेनलिन त्याला आडवं येतं. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज, रोजची वेळ यांवर दूध अवलंबून असतं. म्हणजे नारबा जनावरांना आपला गोतावळा समजतो तो निव्वळ एकट्या माणसाचा कढ नाही. त्या नात्याची एक बाजू जनावराच्या रक्तातही असते. मालक ट्रॅक्टरचा हिशेब करतो तेव्हा डिझेल, नांगरट, मजुरी एवढंच मोजतो. शेण जातं, ते कुणीच मोजत नाही. शेण गेलेल्या जमिनीचा कस कुठे जातो, हे वेगळं सांगायला नको.

कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’मध्ये हे नातं उलट्या बाजूने येतं. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जुन्या जागेवरून उठवलेली माणसं, मागे रानात राहिलेल्या म्हशी, आणि माणसाला विसरून रानटी होत गेलेलं जनावर. राधानगरी, चांदोली, दूधगंगा यांच्या आसपास धरणाने किंवा अभयारण्याने उठवलेली गावं ज्याने पाहिली आहेत, त्याला ही कल्पना वाटणार नाही. प्राणिशास्त्र इथे एक अडचणीचा प्रश्न टाकतं: म्हैस माणसाळली तरी किती? पाळीव जनावरांत ती आपल्या रानटी पूर्वजाला फारशी दुरावलेली नाही. सोडली की कळप करून राहते, वाघ दिसला की रेडकं आत घेऊन एकवटते. आपण मात्र तिला ‘पाळीव’ या खान्यात घालून मोकळे झालो आहोत. शेजारीच दाजीपूरचा गवा आहे. त्याला गवारेडा म्हणतात, पण रेड्याशी त्याचं जवळचं नातं नाही. तो गाईबैलांना जवळचा. १९५८ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. अभयारण्यातली रानटी झालेली म्हैस वनखात्याच्या दृष्टीने कोण? विस्थापिताच्या दृष्टीने कोण? कायद्याला हा प्रश्न पडत नाही, कादंबरीला पडतो.

साहित्य जीवशास्त्राच्या किती जवळ जाऊ शकतं, याचं मराठीतलं सर्वांत धीट उदाहरण मात्र सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ १९८२ची, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीची मानकरी. तिची पात्रं वानरं. टोळीचा म्हातारा होणारा नर, बाहेरून चालून येणारे नर, सत्ता बदलल्यावर मारली जाणारी पिल्लं. हे पिल्लं मारणं शास्त्राच्या नोंदीत पहिल्यांदा आलं ते कोल्हापूरहून महामार्गाने बेळगाव ओलांडल्यावर लागणाऱ्या धारवाडात. क्योटोहून आलेले युकिमारू सुगियामा १९६१ ते १९६३ या काळात तिथे वानरांच्या टोळ्या पाहत होते. त्यांनी ते पाहिलं, लिहिलं, आणि पुष्कळ शास्त्रज्ञांनी ते विकृत वागणं समजून बाजूला ठेवलं: गर्दी झाली असेल, माणसाचा त्रास झाला असेल. सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने अबूच्या वानरांवरून १९७४ साली वेगळं म्हणणं मांडलं. नव्या नराला सत्तेची मुदत थोडी मिळते. आधीच्याचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. त्यामुळे या क्रौर्यातून त्याचा वंश पुढे जातो. मोठा वाद झाला.

माडगूळकरांनी त्या वादात कुणाची बाजू घेतली नाही. ते नागझिऱ्याच्या रानात बसून पाहत राहिले. त्यांनी वानरांना नावं दिली म्हणून ‘प्राण्यांवर माणूसपण लादलं’ असा आक्षेप घेता येतो. पण हर्डीच्या अबूतल्या नरांनाही ‘मग’, ‘शिफ्टी’ अशी नावं होतीच. एकेक जनावर वेगळं ओळखायचं तर त्याला नाव द्यावंच लागतं, मग वही कादंबरीकाराची असो की संशोधिकेची. माझा आक्षेप असलाच तर वाचकांवर आहे. ‘सत्तांतर’ ही माणसांच्या राजकारणाची रूपककथा आहे, असं म्हणून आपण वानरांना पहिल्या पानावरच बाहेर काढतो. ती वानरांची कादंबरी म्हणून वाचण्याइतका संयम आपल्याला का नसावा?

या बाबतीत मारुती चितमपल्लींचं ऋण वेगळं नोंदवायला हवं. वनाधिकाऱ्याची नोकरी, संस्कृतचा व्यासंग आणि रानातल्या माणसांची बोली या तिन्हींचं ज्ञान त्यांच्यात एकत्र होतं. त्यांचा ‘पक्षीकोश’ पाहिला की लोकांनी दिलेली नावं किती काटेकोर असतात ते कळतं. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ तर १९५६चं, कार्सनच्याही आधीचं. एवढी घरची परंपरा असताना निसर्ग आणि साहित्य यांवरचं प्रत्येक भाषण तुकोबांच्या एकाच अभंगाने सुरू होतं आणि तिथेच संपतं. तुकोबा मोठेच, पण त्यांच्या आड इतकं लपू नये.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर नांदणीची हत्तीण आठवा. शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठातली महादेवी ऊर्फ माधुरी जुलै २०२५मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेतल्या वनतारा या प्राणी-संगोपन केंद्रात हलवली गेली आणि जिल्हा पेटला. मोर्चे निघाले, लोकांनी वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाची मोबाइलची सिमकार्डं बदलली. एका बाजूला पशुवैद्यकीय अहवाल: पाय, नखं, एकटेपणा. दुसऱ्या बाजूला पिढ्यांचा लळा. अहवालवाल्यांना लळा हा अडाणीपणा वाटला, लळावाल्यांना अहवाल हा कट. हत्ती हा कळपात राहणारा प्राणी आहे, हेही खरं. तिच्या सोंडेखाली डोकं वाकवून मोठी झालेली माणसं आहेत, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहू शकेल असा माणूस त्या आठवड्यांत क्वचितच दिसला. त्याच वेळी चंदगड-आजऱ्याकडे, कर्नाटकातून २००२च्या सुमारापासून येऊ लागलेले जंगली हत्ती उसात शिरत होते. त्यांच्यासाठी मोर्चा नव्हता.

पुढच्या लेखांकडून मोठ्या सिद्धांताची अपेक्षा वाचकाने ठेवू नये. मला त्यांत मोल वाटतं ते तपासून पाहण्याच्या वृत्तीचं. कादंबरीतलं झाड खरोखर त्या ऋतूत फुलतं का? नसेल, तर चूक लेखकाची, की आठवणीची, की हवामान बदललं? शास्त्रीय निबंधातलं ‘स्थानिकांच्या सांगण्यानुसार’ म्हणजे नेमकं कुणाच्या? सांगणाऱ्या बाईचं गाव, तिचं नाव निबंधात आहे का?

कामाला जागाही तयार आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि दंडाची तंबी दिली, तेव्हा राज्याराज्यांत या नोंदवह्या घाईघाईने उरकल्या गेल्या. त्यांत स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव असे शेजारी-शेजारी रकाने असतात. पहिला नीट भरायला बोली जाणणारा मराठीचा विद्यार्थी लागतो, दुसऱ्यासाठी वनस्पतिशास्त्राचा, आणि दोघांच्याही आधी भांगलणीला जाणारी बाई. तिघांनी एकाच वहीवर बसायचं ठरवलं, तर सुरुवात गगनबावडा, आजरा आणि शिरोळ या तीन तालुक्यांपासून करावी, आणि ती मृगाच्या आधी. एकदा झड लागली की गगनबावड्यात वही कोरडी राहत नाही.